लॅन्थनम फेराइटमधले लॅन्थनम मुद्दाम कमी ठेवल्याने ऑक्सिजन-निर्मिती खरोखर सुधारते का?

कोपरीची प्रयोगवही | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि नवी मुंबईतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यंदा एम. एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींसोबत मी लॅन्थनम फेराइट या पेरोव्हस्काइट ऑक्साइडवर काम करत आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पाण्याचे विद्युत अपघटन करताना धनाग्रावर ऑक्सिजन तयार होतो. त्या अभिक्रियेसाठी हा ऑक्साइड उत्प्रेरक म्हणून कसा चालतो, हे आम्ही तपासतो.

लोहाचे प्रमाण १ ठेवून लॅन्थनमचे प्रमाण १.००, ०.९८, ०.९५ आणि ०.९० असे घेऊन आम्ही चार नमुने बनवले. एप्रिलमधील पहिल्या तुकडीत ०.९५ चा नमुना सर्वांत चांगला ठरला. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाह मिळवण्यासाठी त्याला पूर्ण प्रमाणाच्या नमुन्यापेक्षा सुमारे ४० मिलिव्होल्ट कमी विभव (व्होल्टेज) लागला. अशाच ०.९५ प्रमाणाच्या लॅन्थनम फेराइटबद्दलचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि आमचे निरीक्षण त्यांच्याशी जुळले, त्यामुळे मुलींना फार आनंद झाला.

जुलैमध्ये आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा क्रम बदलला. या वेळी १.०० चा नमुना जवळजवळ एप्रिलच्या ०.९५ इतका चांगला निघाला आणि ०.९५ चा नमुना मागे पडला. भट्टी, तापमान, इलेक्ट्रोड आणि द्रावण सारे तेच होते. माझा प्रश्न असा आहे की, लॅन्थनमची कमतरता खरोखर काही करते की आम्ही एप्रिलमध्ये एका योगायोगाला निष्कर्ष समजलो?

रबाळे निवृत्त | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, मी रबाळे एमआयडीसीत निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात ३१ वर्षे काम केले. त्यामुळे धनाग्रावर बुडबुडे येणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. परंतु ‘कमी लॅन्थनम’ म्हणजे नेमके कोठून कमी? वजनात कमी घातले म्हणून स्फटिकात जागा मोकळी राहते, की उरलेले लोह बाजूला बसते? माझ्यासारख्या वाचकांना आधी एवढे समजले, तर पुढची चर्चा समजेल.

कोपरीची प्रयोगवही | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

काका, आपण विचारलेला प्रश्न हाच माझ्या अडचणीचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पेरोव्हस्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव आहे. गुस्ताव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये उरल पर्वतातील कॅल्शियम टायटेनेटचे वर्णन केले आणि त्याला रशियन खनिजप्रेमी लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. या रचनेच्या प्रत्येक घटकात एक मोठा धन आयन, एक लहान धन आयन आणि तीन ऑक्सिजन असतात. मोठ्या आयनाच्या जागेला ए-साइट आणि लहान आयनाच्या जागेला बी-साइट म्हणतात. आमच्या पदार्थात लॅन्थनम ए-साइटवर आणि लोह बी-साइटवर बसते. लोहाभोवती सहा ऑक्सिजन असतात आणि अशी अष्टफलके कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. मधल्या मोकळ्या पोकळ्यांमध्ये लॅन्थनम बसते. काही पोकळ्या रिकाम्या राहिल्या तरी अष्टफलकांचा सांगाडा उभा राहतो, आणि कमतरता शक्य होते ती यामुळेच.

मात्र विद्युतभाराचा हिशेब चुकता करावा लागतो. लॅन्थनमवर ३ एकक धनभार असतो, त्यामुळे १०० पैकी ५ लॅन्थनम नसतील तर १५ एकक धनभार कमी पडतो. तो भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर १०० पैकी १५ लोह आयनांची संयुजा ३ वरून ४ व्हावी लागते, नाहीतर ३०० पैकी साडेसात ऑक्सिजन स्फटिकातून निघून जावे लागतात. प्रत्यक्षात दोन्ही मार्गांचे मिश्रण असू शकते. उत्प्रेरकासाठी दोन्ही गोष्टी उपयोगी मानल्या जातात, आणि म्हणूनच कोणताही नवा धातू न घालता केवळ प्रमाण बदलून गुणधर्म सुधारण्याची ही युक्ती मला आवडते.

तिसरी शक्यता आपण म्हणालात तीच आहे. स्फटिक रिकाम्या जागा स्वीकारत नाही आणि जादा लोह हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे साधे ऑक्साइड, बनून वेगळे पडते. तसे झाले असेल, तर आमच्या बाटलीवरची ‘०.९५’ ही चिठ्ठी खोटी ठरते.

भट्टी आणि मूस | ४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मी सिरॅमिक क्षेत्रात काम करतो आणि वाशीला राहतो. पुढच्या कोणत्याही चर्चेपूर्वी मला एकच माहिती हवी आहे. दोन्ही तुकड्यांमध्ये लॅन्थनम कोणत्या रसायनातून घेतले होते, आणि ते वजन करण्यापूर्वी भाजले होते का?

ऋणाग्र धनाग्र | ४ ऑगस्ट, दुपारी १:१०

मी अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरच्या देखभालीचे काम करतो. ताईंच्या कामाबद्दल आदर ठेवून उद्योगाची बाजू मांडतो.

आमच्या सेलमध्ये साधारण ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, तापमान ७० ते ९० अंश असते आणि प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला २०० ते ४०० मिलिअँपिअर असतो. आपण ज्या १० मिलिअँपिअरवर तुलना करता तो आकडा सूर्यप्रकाशावर पाणी फोडणाऱ्या उपकरणांच्या अभ्यासातून आलेला आहे. साधारण १२ टक्के कार्यक्षमतेच्या अशा उपकरणात इतकाच प्रवाह मिळतो. मोठ्या संयंत्रात त्या प्रवाहाला फारसा अर्थ नाही.

तरीही विभवाचे महत्त्व मी नाकारत नाही. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६.६ हजार अँपिअर-तास विद्युतभार लागतो, म्हणजे सेलच्या विभवातील प्रत्येक ०.१ व्होल्टमागे किलोला सुमारे २.६६ युनिट वीज वाढते. सिद्धांतानुसार किलोला ३९.४ युनिट पुरायला हवीत, पण व्यवहारात ५० किंवा त्याहून अधिक लागतात. या नुकसानीतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा असतो, कारण तेथे चार हायड्रॉक्साइड आयनांमधून चार इलेक्ट्रॉन एकामागून एक निघून ऑक्सिजनचा एक रेणू जुळावा लागतो. ताईंचे ४० मिलिव्होल्ट मोठ्या प्रवाहावर आणि हजारो तास टिकले, तर किलोमागे एक युनिटहून थोडी अधिक बचत होईल. परंतु निकेलची जाळी आणि तिच्यावरचा लोहमिश्रित निकेल हायड्रॉक्साइडचा थर हे काम स्वस्तात आणि चांगले करतात. लॅन्थनम फेराइट त्यांच्या पुढे जाईल असे मला वाटत नाही.

मासुंदा काठ | ४ ऑगस्ट, रात्री ८:५०

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, परंतु त्यामुळे ताईंचा प्रश्न निकाली निघत नाही. निकेल-लोह हायड्रॉक्साइड चांगले का चालते, हे समजण्यासाठीसुद्धा असे पदार्थ लागतात ज्यांत एक गोष्ट बदलता येते आणि बाकीच्या स्थिर ठेवता येतात. पेरोव्हस्काइटचे महत्त्व तेथे आहे. १९८० च्या दशकात जॉन बॉकरिस आणि ओतागावा यांनी अनेक पेरोव्हस्काइटांची पद्धतशीर तुलना केली. २०११ मध्ये एमआयटीच्या यांग शाओ-हॉर्न यांच्या गटाने दाखवले की, धातूच्या विशिष्ट कक्षकांतील इलेक्ट्रॉनांची संख्या १ च्या थोडी वर असते तेव्हा क्रियाशीलता सर्वाधिक असते. त्या कामात बेरियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह असलेला, बीएससीएफ या नावाने ओळखला जाणारा ऑक्साइड शिखरावर होता.

आता मोजणीकडे वळतो. ताई, चार गोष्टी तपासल्या आहेत का?

इंकमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडवर लावायच्या उत्प्रेरकाच्या पातळ लेपात, कार्बन मिसळला असेल, तर ऑक्सिजन-निर्मितीच्या विभवाला कार्बनचेही ऑक्सिडीकरण होते आणि तो प्रवाह उत्प्रेरकाच्या खात्यावर जमा होतो. काचेचे पात्र वापरले असेल, तर तीव्र अल्कमध्ये काच हळूहळू विरघळते, म्हणून टेफ्लॉनचे पात्र बरे. प्रतिइलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल, तर त्याचा अंश द्रावणात उतरू शकतो. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बीईटी पद्धतीने, म्हणजे पावडरीवर किती वायू चिकटतो त्यावरून, पृष्ठफळ मोजले आहे का? प्रमाण बदलले की भट्टीत कण वाढण्याचा वेगही बदलतो. कण लहान राहिले तर तेवढ्याच वजनात पृष्ठफळ वाढते आणि आपण त्याचे श्रेय रिकाम्या जागांना देऊन बसतो.

बाजारातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश असतो, हेही येथे नोंदवतो. आपल्या पदार्थात लोह आधीच आहे, त्यामुळे आपले नुकसान कमी. परंतु निकेलच्या इलेक्ट्रोडवर तेवढ्याशा लोहाने निकाल पूर्ण बदलतो, हे १९८७ पासून माहीत आहे.

रिकामी जागा | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

मासुंदा काठ यांचे मोजणीबाबतचे मुद्दे योग्य आहेत. पण सुधारणेचे कारण कोणते, याबाबत मला वेगळे मत मांडायचे आहे.

ताईंनी दोन मार्ग सांगितले आणि दोन्ही उपयोगी आहेत असे म्हटले. मला वाटते, येथेच आपण घाई करतो. लॅन्थनम फेराइट हा खोलीच्या तापमानाला जवळजवळ विद्युतरोधक आहे. लोहाची संयुजा ४ कडे सरकली तर इलेक्ट्रॉनांना उडी मारण्यासाठी जागा मिळते, वाहकता सुधारते आणि धातू-ऑक्सिजन बंध अधिक सहसंयुज होतो. याउलट ऑक्सिजन निघून गेला तर लोहाची संयुजा ३ राहते, पण अष्टफलके मोडतात आणि हायड्रॉक्साइडला चिकटायला जागा मिळते. क्रियाशीलता दोन्ही मार्गांनी वाढू शकते, पण त्यांची चिन्हे वेगळी असतात. २०१७ मध्ये ग्रिमो आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक खूण म्हणून वापरून दाखवले की, काही कोबाल्ट पेरोव्हस्काइटांमध्ये बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनचा काही भाग स्फटिकाच्या जालकातून येतो आणि अशा पदार्थांची क्रियाशीलता द्रावणाच्या पीएचवर अवलंबून असते. म्हणून ताईंनी ०.१ आणि १ मोलर द्रावणात तुलना करून पाहावी. जालकातील ऑक्सिजन भाग घेत असेल, तर त्याची खूण दिसण्याची शक्यता आहे.

लोहाची संयुजा आयोडोमितीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) मोजायची असेल, तर सावध राहावे. फेरिक लोह स्वतःच आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे चतुःसंयुजी लोहाचा हिशेब दोन मोठ्या आकड्यांच्या छोट्या फरकातून काढावा लागतो. लोहाची अवस्था गॅमा किरणांनी दाखवणारा मोसबाउअर वर्णपट घेणे अधिक चांगले, परंतु त्यातही हेमॅटाइट आणि लॅन्थनम फेराइट या दोघांच्या सहा-सहा रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. थोडेसे हेमॅटाइट त्यात लपू शकते.

ऋणाग्र धनाग्र | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

बीएससीएफचे नाव निघाले म्हणून विचारतो. हाच पदार्थ ऑक्सिजन-निर्मितीच्या विभवाला काही काळ ठेवला की त्याचा पृष्ठभाग अस्फटिकी होतो आणि त्यातले बेरियम व स्ट्रॉन्शियम द्रावणात उतरतात, असे २०१२ मध्येच दिसले होते ना? ज्या पदार्थाच्या पृष्ठभागावर तासाभरात मूळ रचना उरत नाही, त्याच्या स्फटिकातील रिकाम्या जागा मोजण्याने काय साधते?

रिकामी जागा | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आपली शंका रास्त आहे, आणि कोबाल्टच्या अनेक पेरोव्हस्काइटांना ती लागू पडते. तेथे मूळ ऑक्साइड हा खऱ्या उत्प्रेरकाचा पूर्वज ठरतो आणि काम पृष्ठभागावर तयार झालेला ऑक्सिहायड्रॉक्साइड करतो. मात्र बेरियमचे हायड्रॉक्साइड पाण्यात चांगले विरघळते आणि लॅन्थनमचे फार कमी विरघळते, त्यामुळे दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. शिवाय ए-साइटवर आधीच कमतरता असेल, तर पृष्ठभागाची पुनर्रचना कशी सुरू होते हेही बदलते. टायटेनेटांमध्ये ए-साइटची कमतरता ठेवली की क्षपण करताना (ऑक्सिजन काढून घेताना) निकेलचे नॅनोकण स्फटिकातून पृष्ठभागावर उगवतात, हे सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील जॉन आयर्विन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. परिस्थिती वेगळी आहे, पण रिकामी जागा बी-साइटच्या धातूला बाहेर ढकलू शकते, ही कल्पना आपल्या विषयालाही लागू होते. ताईंनी प्रयोगानंतर द्रावणात किती लॅन्थनम आणि किती लोह उतरले ते मोजावे, असे मी सुचवतो.

रबाळे निवृत्त | ५ ऑगस्ट, सकाळी १०:००

एक छोटी शंका. लॅन्थनम हे दुर्मीळ मृदा धातूंपैकी आहे. मग स्वस्त हायड्रोजनसाठी ते वापरणे परवडेल का?

मासुंदा काठ | ५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

काका, त्या गटाला दुर्मीळ म्हणतात, पण लॅन्थनम आणि सेरियम हे त्यातले विपुल सदस्य आहेत. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट हे खनिज मिळते आणि त्यात हे दोन्ही असतात. आम्लधर्मी इलेक्ट्रोलायझरला लागणाऱ्या इरिडियमशी तर त्याची तुलनाच होऊ शकत नाही. अल्कधर्मी पद्धतीत लोह, निकेल आणि कोबाल्ट यांवर काम भागते, हा तिचा मोठा लाभ आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर कोणता धातू किती मिळतो, हा प्रश्न प्रयोगशाळेतही विचारायलाच हवा.

भट्टी आणि मूस | ५ ऑगस्ट, दुपारी १२:१५

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, आणि मला वाटते की या धाग्याचे उत्तर त्यातच आहे.

कोपरीची प्रयोगवही | ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

क्षमस्व, महाविद्यालयात जाऊन नोंदवही पाहिल्याशिवाय मला उत्तर द्यायचे नव्हते.

एप्रिलमध्ये आम्ही नव्याने उघडलेल्या बाटलीतील लॅन्थनम नायट्रेट वापरले होते. ते संपल्यामुळे जुलैमध्ये लॅन्थनम ऑक्साइड घेऊन ते नायट्रिक आम्लात विरघळवले. पुढची सायट्रेट-ईडीटीए जेल पद्धत दोन्ही वेळा सारखीच होती. ऑक्साइडची बाटली मे महिन्यात उघडलेली होती आणि आम्ही ते भाजले नव्हते.

भट्टी आणि मूस | ५ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, तुमचे लॅन्थनम पावसाने कमी केले आहे, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो.

लॅन्थनम ऑक्साइड हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अतिशय हावरेपणाने शोषून घेते. कोरड्या प्रदेशात हे सावकाश होते, परंतु आपल्या खाडीकाठच्या जुलैमध्ये झाकण नीट न लावलेल्या बाटलीत बराचसा भाग हायड्रॉक्साइड होऊन बसतो. रंग पांढराच राहतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. ३२५.८ ग्रॅम ऑक्साइडचे पूर्ण हायड्रॉक्साइड झाले तर त्याचे वजन ३७९.९ ग्रॅम होते. अशा पावडरीला ऑक्साइड समजून वजन केले, तर लॅन्थनम १४ टक्क्यांहून अधिक कमी पडते. तुम्ही ०.०२ आणि ०.०५ च्या फरकांचा अभ्यास करत आहात, आणि वजनकाट्यावरची ही एक चूक त्या फरकांच्या अनेक पट मोठी आहे.

थोडी पावडर वजन करून अॅल्युमिनाच्या मुशीत ९०० ते १००० अंशांवर काही तास भाजा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात) थंड करा आणि लगेच वजन करा. जितकी घट येईल, तितके टक्के लॅन्थनम प्रत्येक नमुन्यात कमी पडले आहे.

कोपरीची प्रयोगवही | १२ ऑगस्ट, रात्री ९:२०

आठवडाभराने लिहीत आहे. घट ६.१ टक्के आली. तीन वेळा केले, तिन्ही वेळा आकडे जवळपास तेच होते.

म्हणजे जुलैमधील ज्या नमुन्याला आम्ही १.०० म्हणत होतो तो प्रत्यक्षात ०.९४ होता. ०.९५ चा नमुना ०.८९ होता आणि ०.९० चा ०.८५ च्या खाली गेला होता. एप्रिलच्या आलेखावर जुलैचे बिंदू या खऱ्या प्रमाणांनुसार पुन्हा मांडले, तेव्हा दोन्ही तुकड्या एका वक्ररेषेच्या जवळ आल्या आणि शिखर ०.९५ च्या आसपास राहिले. माझी विद्यार्थिनी तो आलेख घेऊन स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हते. तीन आठवडे ती स्वतःच्या हाताची चूक शोधत होती.

नायट्रेटमध्येही पाण्याचे प्रमाण निश्चित नसते, म्हणून एप्रिलच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, हेही आता लक्षात आले. आठही नमुने पवईच्या आयआयटीतील सैफ या उपकरण-सुविधेत आयसीपी चाचणीसाठी, म्हणजे मूलद्रव्यांचे नेमके प्रमाण मोजण्यासाठी, देत आहोत.

क्ष-किरण आलेख पुन्हा बारकाईने पाहिले. जुलैच्या शेवटच्या दोन नमुन्यांत ३२.२ अंशांवरील मुख्य शिखराच्या उजव्या पायथ्याशी, ३३ अंशांच्या किंचित पुढे एक उंचवटा आहे. ते हेमॅटाइट आहे. ०.९४ च्या नमुन्यात ते दिसत नाही.

रिकामी जागा | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

हार्दिक अभिनंदन. परंतु ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे धरू नये. क्ष-किरणांना एक-दोन टक्के हेमॅटाइट सहज चुकते, आणि आयसीपी केवळ एकूण लॅन्थनम व लोह सांगते. लोह स्फटिकात आहे की शेजारी वेगळ्या कणात, हे त्यातून कळत नाही. काकांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न अजून उभा आहे.

माझी सूचना अशी आहे. भाजलेल्या ऑक्साइडपासून खरोखर १.०० प्रमाणाचा नमुना बनवा. त्यात एकूण प्रमाण ०.९५ होईल एवढे हेमॅटाइट खलात घोटून मिसळा आणि त्याची मोजणी करा. हे मिश्रण शुद्ध नमुन्याइतकेच राहिले, तर सुट्या हेमॅटाइटमुळे सुधारणा झाली हे म्हणणे बरेच दुबळे होईल. ते ०.९५ इतके चांगले निघाले, तर रिकाम्या जागांची कथा सोडून द्यावी लागेल.

मासुंदा काठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:५५

आणि पृष्ठफळ?

कोपरीची प्रयोगवही | १३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

एप्रिलच्या दोन नमुन्यांचे बीईटी आले आहे. ०.९५ चे पृष्ठफळ १.०० पेक्षा खरोखर अधिक आहे. प्रवाहाला प्रत्यक्ष पृष्ठफळाने भागले, तर ४० मिलिव्होल्टचा फरक निम्म्यावर येतो, पण नाहीसा होत नाही. उरलेला फरक लहान आहे, म्हणून प्रत्येक प्रमाणाचे तीन-तीन इलेक्ट्रोड बनवून मोजणार आहोत. काचेचे पात्र बाजूला ठेवले आहे आणि टेफ्लॉनचे पात्र ठाण्यातल्या एका लेथवाल्याकडे करायला दिले आहे.

हेमॅटाइट मिसळण्याची सूचना आम्ही स्वीकारली आहे. ऑक्साइड काल रात्रभर भाजले, आज डेसिकेटरमधून थेट वजनकाट्यावर जाईल.

रबाळे निवृत्त | १३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

ताई, प्लेटिंगच्या बाथमध्ये आम्ही बाटलीवरच्या आकड्यावर कधीच टाकी भरली नाही. आधी टायट्रेशन करत असू. डेसिकेटरमधील सिलिका जेल निळे आहे ना, ते वजन करण्यापूर्वी एकदा पाहा. गुलाबी झाले असेल तर आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्या.

कोपरीची प्रयोगवही | १३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

काका, गुलाबीच होते. ते ओव्हनमध्ये ठेवले आहे आणि मूस पुन्हा भट्टीत गेली आहे. वजन उद्या करू.